त्याच जागी, तितक्याच वेळा

दर तासाला तास भरला की ताई स्टुडिओतल्या लाल दिव्याखाली बसायच्या, केंद्राचं नाव सांगायच्या आणि मग वेळ सांगायच्या. न्हाव्याच्या दुकानात, शिंप्याकडे, मुख्याध्यापकांच्या खोलीत घड्याळं त्या आवाजावर लागायची. हौसेचा कारभार नव्हता तो, परवान्यातच तसं होतं. रेडिओ चालवणाऱ्याने दर तासाला आपली ओळख द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं आपल्या कानात कोण बोलतंय. ताईंच्या वडिलांनी, सगळ्यांच्या अप्पांनी, हे केंद्र उभं केलं तेव्हा भिंतींना गोणपाट ठोकलेलं होतं आणि यंत्र तापेपर्यंत वाट बघत बसावं लागायचं. अप्पा म्हणायचे, "परक्याच्या घरात शिरतोय आपण. आधी नाव सांगावं, मग तोंड उघडावं." ताई तेव्हा फ्रॉकमध्ये होत्या. मायक्रोफोनपर्यंत तोंड पोचावं म्हणून त्यांच्याखाली उशा ठेवायला लागायच्या.

आता उशा लागत नव्हत्या, आणि गोणपाटही गेलं होतं. काचेच्या भिंती आल्या, थंड हवा आली, आणि अप्पांच्या खुर्चीत ताईंचा धाकटा भाऊ आला. सगळे त्याला मालक म्हणत. ताई एकट्याच त्याला बाळ्या म्हणायच्या, आणि तेही चारचौघांत, म्हणून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्या वर्षी उन्हाळा सुरू होताना ताईंच्या वेळेच्या अगदी आधी एक नवीनच प्रकरण येऊन बसलं. आधी गाडीचा हॉर्न. मग करकचून ब्रेक, मग काचा फुटल्याचा खळ्ळकन आवाज. आणि त्यावर सकाळच्या कार्यक्रमातल्या निवेदकाची आरोळी: "ब्रेक कुठे असतो माहीत नाही? काही बिघडत नाही. बाईंकडे या, न शिकता लायसन घेऊन जा." लगेच त्याला चिकटून ताईंचा आवाज, शांत, धुतल्या कपड्यासारखा स्वच्छ: "आता वेळ..."

निवेदकाला सगळं शहर भोंगा म्हणायचं, आणि त्याला ते आवडायचं. झालं होतं असं की एका तरुणाने टपाल कचेरीच्या भिंतीत गाडी घातली. कोणाला लागलं नाही, भिंतीचं पोट तेवढं फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याने तोंड सोडलं, की हा नक्की आपल्या बाईंचा चेला, तिथे न शिकता लायसन मिळतं. गाडी शिकवणारी बाई शहरात एकच होती, त्यामुळे नाव घ्यायची गरजच नव्हती. लोक हसले. धाकट्याला वाटलं, आपल्याला घबाड सापडलं. त्याने त्या वाक्याला हॉर्न आणि काचा जोडल्या आणि हुकूम सोडला, की हे दर तासाला वाजलं पाहिजे. झालं, महिनाभर वाजत राहिलं.

एक दिवस सकाळच्या वेळी त्या बाई जिना चढून वर आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा रापलेला. ताई जिन्याच्या तोंडाशी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"तुम्हीच ताई ना? आवाजावरून ओळखलं. तुम्ही रोज माझ्यानंतर येता."

"म्हणजे?"

"आधी माझी गाडी आपटते, मग तुम्ही वेळ सांगता."

ताईंनी कप खिडकीत ठेवला. त्यांना बसवलं. बाई बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर, गाडीत बसल्यासारख्या, पाय पुढे, नजर समोर.

"भिंत फोडली तो पोरगा माझा नाही," बाई म्हणाल्या. "तो त्याच्या मामाकडे शिकलाय. मामानेच मला हसत हसत सांगितलं, आमच्या पराक्रमाचं श्रेय तुम्हाला मिळालं म्हणून. मी भोंग्याकडे गेले. तो म्हणाला, बाई, फुकटात जाहिरात होतेय, आभार माना."

"आणि शिकणारे?"

"आहेत की. एक आजोबा आहेत, त्यांना ऐकू येत नाही. बाकीचे पांगले. मी चौकात गाडी थांबवली की शाळेतली पोरं खळ्ळ करून ओरडतात. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, गाडी विका. मी विकली नाही, त्याच गाडीवर लोकांना शिकवलं. या शहरातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखाली वळायला शिकल्या. त्यातली एकही आता मला हात करत नाही, हसू आवरत नाही म्हणून." त्यांनी पहिल्यांदाच ताईंकडे वळून बघितलं. "मी भांडायला नाही आले. मला एक विचारायचंय. माझ्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक माझ्या. तो चुकला की मी दाबते. तसा कायदाच आहे, त्याशिवाय शिकवायची परवानगी मिळत नाही. तुमच्या या रेडिओला दुसरा ब्रेक कुठे आहे?"

ताईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "आहे. मीच आहे तो."

खरंच होतं ते. परवान्याचा नियम असा, की प्रत्येक केंद्राने एक जबाबदार व्यक्ती नेमायची. जाहिराती किती वाजतात, पैसे घेऊन बोललेलं तसं सांगितलं जातं की नाही, लोकांच्या तक्रारींचं काय होतं, हे सगळं त्या व्यक्तीने बघायचं आणि परवाना कार्यालयाला उत्तर द्यायचं. अप्पा गेल्यावर धाकटा म्हणाला होता, "ताई, तू सही कर. कागदापुरतं आहे, बाकी मी बघतो." ताईंनी सही केली. मात्र कागदापुरत्या राहिल्या नाहीत. जाहिरात बातमीच्या सुरात वाचली की त्या टोकायच्या, परत वाचून घ्यायच्या. धाकटा त्याला ताईची कुरकुर म्हणायचा आणि कानाडोळा करायचा.

"नियम असा आहे," ताई म्हणाल्या. "केंद्रावरून कोणाच्या नावाला बट्टा लावला आणि ते बोलणं खरं करून दाखवता आलं नाही, तर त्या माणसाला जबाब द्यायला जागा द्यावी लागते. कुठे? जिथे बोललं, त्याच जागी. किती? जितक्या वेळा बोललं, तितक्याच वेळा."

बाई हिशेब करत होत्या हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. "पण ते तर दर तासाला वाजतंय."

"हो ना," ताई म्हणाल्या. "आमच्या बाळ्याची हुशारी."

धाकट्याच्या केबिनमध्ये भोंगा टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेला होता. ताई आत गेल्या तरी तो उठला नाही, पाय तेवढे हलवायचा थांबला.

ताईंनी सगळं सांगितलं. धाकट्याने आधी हसण्यावारी नेलं.

"अगं, एक विनोद होता तो. एकदा बोलला."

"एकदा बोलला असता तर एकदाच जबाब दिला असता. दर तासाला वाजव म्हणून कोणी सांगितलं?"

"बरं, मग बंद करतो आजपासून. मिटलं?"

"तू लोकाच्या अंगणात महिनाभर कचरा टाकलास आणि आता म्हणतोस, उद्यापासून टाकत नाही. आधीचा कोण उचलणार?"

भोंगा म्हणाला, "ताई, तुम्ही शाळेत शिकवत असता तर मी नापासच झालो असतो."

"तू अजूनही नापासच आहेस," ताई म्हणाल्या. "उठ त्या टेबलावरून. अप्पांचं आहे ते."

भोंगा उठला. धाकट्याने आवाज खाली आणला. असं केलं की तो अगदी लहानपणीसारखा दिसायचा, काहीतरी लपवून आल्यासारखा. "हे बघ ताई, बाईंना एकदा बोलू दे. पहाटेच्या हवामानाआधी. ध्वनिमुद्रण करून घेऊ, दोन ओळी. तीही खूश, नियमही खूश."

"पहाटे कोण ऐकतं?"

"तेच तर."

"मग तिची बदनामीही पहाटेच करायची होतीस."

धाकट्याचा चेहरा लाल झाला. "केंद्र माझं आहे. दर तासाला एक बाई येऊन सांगणार, की हे केंद्र खोटं बोललं? आपल्याच तोंडाने आपलं नाक कापून घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक महिनाभर तिला म्हणत होते. आता थोडं आपल्याला म्हणू देत."

"मी परवानगी देणार नाही."

"मी मागायला आलेच नव्हते, बाळ्या. सांगायला आले होते." ताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तासाची ओळख आणि वेळ मी स्वतः बसून सांगते. ती जागा माझी आहे. उद्यापासून तिथे दोन खुर्च्या असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या अंगणात बाईंची गाडी येऊन उभी राहिली. छपरावर शिकाऊ गाडीची पाटी, मागच्या बंपरला एक पोचा, तोही कोणा शिकणाऱ्याचा. बाई इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या. ताईंनी त्यांना शेजारी बसवलं, मायक्रोफोन दाखवला, पाण्याचा पेला ठेवला. "घाबरायचं काही नाही. काचा फुटायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बोलायचं."

"मी मालमोटारींच्या मधून नवशिक्यांना काढते, ताई. मी कशाला घाबरू?"

लाल दिवा लागला. काचेपलीकडे धाकटा आणि भोंगा येऊन उभे राहिले. ताईंनी केंद्राचं नाव सांगितलं, मग म्हणाल्या, "या केंद्रावरून ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, त्या आता बोलतील." आणि मायक्रोफोन बाईंकडे सरकवला.

बाई मायक्रोफोनकडे वाकल्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मग, अगदी शेवटी, कोणीतरी ढकलल्यासारखं, "मी... मी गाडी शिकवते." आणि वेळ संपली. ताईंना वेळ सांगावी लागली.

बाहेर भोंग्याने टाळ्या वाजवल्या, एकट्याने. धाकटा हसत म्हणाला, "काय गं, झालं? दिला जबाब?"

"एक झाला," ताई म्हणाल्या. "अजून पुष्कळ आहेत."

पण बाई जिना उतरून गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ताई मागोमाग गेल्या. बाई म्हणाल्या, "मला नाही जमणार. तो लाल दिवा लागला आणि माझे पाय सापडेनात. तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही तिथेच जन्मलात."

"मला चांगलं कळतं," ताई म्हणाल्या. "मला तसं गाडीत होतं."

"तुम्हाला गाडी येत नाही?"

"घरात गाडी होती. अप्पांनी बाळ्याला शिकवली. मला म्हणाले, तुला कुठे जायचंय, तुझा आवाज जातो की सगळीकडे."

बाईंनी गाडीचं दार उघडलं, चालवणाऱ्याच्या बाजूचं. "बसा."

"या वयात?"

"बसा, ताई. पुढचा तास व्हायला वेळ आहे."

ताई बसल्या. बाई पलीकडून शेजारी बसल्या. स्टिअरिंग गरम होतं, उन्हाने. बाईंचा आवाज एकदम वेगळा झाला, वरच्या खोलीतला तो आवाजच नव्हे, सपाट, सावकाश, घाईला जागाच न ठेवणारा. "आधी आरसा. आपल्या मागे कोण आहे ते बघायचं. मग क्लच. मग हळू सोडायचा, झोपलेल्या बाळाला खाली ठेवल्यासारखा." ताईंनी सोडला. गाडीने उडी मारली आणि अंगणातल्या कुंड्यांकडे निघाली. ताईंचा हात नको तिथे पडला आणि हॉर्न वाजला, लांबलचक, थेट धाकट्याच्या खिडकीखाली. गाडी कुंडीपाशी थांबली. ताईंनी काहीच केलं नव्हतं. बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता.

खिडकीतून धाकट्याचं डोकं बाहेर आलं. "काय चाललंय?"

"वाजला तर वाजला," ताई म्हणाल्या, वर न बघता. बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बघितलंत?" ताई म्हणाल्या. "तुमचा पाय ब्रेकवर होता म्हणून मी क्लच सोडला, नाहीतर आयुष्यात सोडला नसता. वर तसंच आहे. आवाजाचं बटण माझ्या हातात असतं. तुम्ही भरकटलात तर मी आवाज खाली घेईन. तुम्ही नुसतं हळू सोडा. आणि भाषण करायचं नाही. मला आत्ता सांगितलंत तसं सांगा."

पुढच्या तासाला लाल दिवा लागला. बाईंनी डोळे समोरच्या काचेवर लावले. काचेत भोंगा होता. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मागून येणाऱ्या गाडीकडे आरशात पाहतात, आणि त्याच सपाट आवाजात बोलल्या: "मी गाडी शिकवते. भिंतीत गाडी घातली तो माझ्याकडे शिकलेला नाही. माझ्याकडे शिकलेला माणूस आधी आरशात बघतो." ताईंनी वेळ सांगितली. भोंग्याने या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत.

असे तास जाऊ लागले, हॉर्न आणि काचांच्या जागी आता बाई. बाई दर तासाला यायच्या, बोलायच्या आणि निघून जायच्या. "मला सध्या वेळच वेळ आहे," त्या म्हणायच्या, "तुमच्या केंद्राची कृपा." दर वेळी पहिलं वाक्य तेच, मी गाडी शिकवते. दुसरं दर वेळी वेगळं. कधी, "ज्याने हे सांगितलं त्याने मला एकदाही विचारलं नाही." कधी, "माझ्याकडे नापास होणारे पुन्हा शिकतात, मी कोणाला तसंच सोडत नाही." एकदा दुपारी फक्त, "वळणावर वेग कमी करा, बोलतानासुद्धा." शिंप्याच्या दुकानात मशीन थांबवून लोक ऐकायला लागले. चौकातली पोरं आता खळ्ळ करत नव्हती. गाडी दिसली की ओरडायची, "आधी आरसा." बाईंना त्याचाही राग यायचा, पण कमी.

धाकट्याचं डोकं मात्र तापत गेलं. कोणीतरी त्याला न्हाव्याच्या खुर्चीत विचारलं होतं, तोंडाला साबण असताना, की मालक, तुम्हीही बाईंकडे लावा शिकवणी. तो तसाच परत आला, अर्धी दाढी करून, आणि ताईंना केबिनमध्ये बोलावलं. भावजय आधीच येऊन बसली होती, भोंगा दारात उभा होता.

"तुला या जागेवरून काढतोय," धाकटा म्हणाला. "जबाबदार व्यक्ती म्हणून उद्यापासून दुसऱ्याची सही. वेळ संगणक सांगेल."

ताईंनी पदर सारखा केला. "काढ की. फक्त मला का काढलं, हे मी परवाना कार्यालयाला माझ्या हाताने लिहून देणार. तो माझा हक्क आहे. आणि जो नवीन येईल त्याच्या गळ्यात उरलेले सगळे जबाब पडतील. ते दिले नाहीत तर चौकशीला तोच उभा राहील. तू नाही, ज्याने सही केली तो. नियम तुझ्या सोयीनेच केलेला आहे, मालकाला ताप नको म्हणून."

धाकट्याने भोंग्याकडे बघितलं. "तू कर सही."

भोंग्याने पेन घेतलं, कागद वाचला. आयुष्यात पहिल्यांदा तो काही वाचताना आवाज न करता वाचत होता. मग पेन ठेवलं. "मालक, मी काय म्हणतो, माझा घसा आहे हो नाजूक. चौकशीत वगैरे बोलायला लागलं तर..."

"तुला सहीसाठी घसा कशाला लागतो?"

"नाही, पण टेन्शनने बसतो."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. ती पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. "माझ्याकडे नका बघू हं. वन्संनाच राहू द्या. त्यांना हे सगळं छान जमतं."

ताई म्हणाल्या, "दाढी पुरी करून ये, बाळ्या. तास भरत आलाय, मी जाते."

त्या उठल्या, स्टुडिओत गेल्या. बाई येऊन बसलेल्याच होत्या. ताई खुर्चीत बसेपर्यंत काचेपलीकडे धाकटा येऊन पोचला. या वेळी तो काचेशी थांबला नाही. दाराकडे आला. त्याचा हात दाराच्या मुठीवर पडलेला ताईंना दिसला, आणि त्याचं तोंडही दिसलं, साबण वाळलेलं, बंद करतो आता हा तमाशा असं म्हणणारं.

ताईंनी लाल दिवा लावला.

लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही, हा अप्पांचा नियम होता. तो परवान्यात नव्हता, कुठेच लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. ताईंना एक दुपार आठवत होती. त्या बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसलेल्या, आणि शेजारच्या काकू धापा टाकत आल्या, अप्पांना सांगायला की मुलगा झाला. आत अप्पा बातम्या वाचत होते. काकूंनी दाराकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि ताईंच्या शेजारी बसून राहिल्या, बातम्या संपेपर्यंत, ओठांवर पदर दाबून. ही गोष्ट धाकट्याने इतक्यांदा ऐकली होती, की स्वतःच्या जन्माची त्याला तेवढीच एक माहिती होती.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांनी हात केला नाही, मान हलवली नाही. नुसतं बघत राहिल्या, आणि बघता बघता केंद्राचं नाव सांगितलं, अप्पांनी ठेवलेलं, पूर्ण.

"मी गाडी शिकवते," शेजारून बाई म्हणाल्या. "माझी अजून कोणी माफी मागितलेली नाही. मागेपर्यंत मी येणार आहे."

मुठीवरचा हात सुटला. धाकटा मागे सरकला आणि बाहेरच्या बाकावर बसला, काकू बसल्या होत्या तिथेच. दिवा विझला तरी तो बराच वेळ उठला नाही.

त्याने माफी मागितली असं मात्र झालं नाही. तसा तो नव्हताच. त्याने कोणालाही अडवलं नाही, एवढंच झालं. सगळे जबाब गेले, एकूण एक, त्याच जागी. काय काय वाजलं ते जपून ठेवण्याची केंद्राला सक्ती असतेच, त्यामुळे मोजणीत वाद नव्हता. माफी भोंग्याने मागितली, शेवटून दुसऱ्या तासाला, मालकाला न विचारता. काचेचं दार उघडून तो दिवा लागायच्या आधी आत आला आणि ताईंना म्हणाला, "मला पण जागा द्या." खुर्ची नव्हती. तो उभ्यानेच बोलला, आणि आवाज एवढा बारीक निघाला, की ताईंना बटण वर करावं लागलं. बाहेर गेल्यावर म्हणाला, "माझी बायको सहा दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही हो. ती बाईंकडेच शिकलीय."

शेवटच्या तासाला बाई म्हणाल्या, "मी गाडी शिकवते. सोमवारपासून सकाळी जागा नाही, संध्याकाळी या." मग त्यांनी मायक्रोफोन ताईंकडे सरकवला. "वेळ ताई सांगतील."

ताईंनी सांगितली. पुढच्या तासाला हॉर्न नाही, काचा नाहीत, आणि जबाबही नाही. ताईंच्या आवाजाआधी पूर्वीसारखी शांतता होती. ताईंना ती जरा मोठी वाटली.

दुपारी धाकटा अंगणात आला. "संपलं ना आता?" त्याने विचारलं. विचारण्यात राग होता, आणि रागाखाली थोडी भीती, बहीण आता आणखी काय काढते म्हणून.

"हे संपलं," ताई म्हणाल्या. "पुन्हा कोणाला टाकून बोललात तर पुन्हा खुर्ची मांडीन. तुला कोणी बोललं तरी मांडीन, काळजी करू नकोस."

बोलता बोलता त्या बाईंच्या गाडीत बसत होत्या. चालवणाऱ्याच्या बाजूला. धाकटा फाटकात उभा होता, बरोबर मध्यभागी.

"ताई, हे काय? तू कुठे निघालीस?"

"चौकापर्यंत. मला वळण शिकायचंय."

"या वयात? काही झालं तर?"

"शेजारी दुसरा ब्रेक आहे." ताईंनी आरशात बघितलं. मागे केंद्राची इमारत होती, वरच्या मजल्यावरच्या खिडकीत भोंगा, आणि दारावरचा दिवा, विझलेला. मग त्यांनी समोर बघितलं, क्लच हळूहळू सोडला आणि या वेळी मुद्दाम, नीट बोट ठेवून, हॉर्न वाजवला.

"बाजूला हो, बाळ्या," त्या म्हणाल्या.